जंतू मेला, पेशीचं काय?



कुष्ठरोगावर व्याख्यान म्हटलं की बोलणं समाजाकडे वळतं. महाराष्ट्रात तर ते वळणारच. दत्तपूर, तपोवन, आनंदवन या कुष्ठधामांची नावं घेतल्यावाचून आपल्याला या आजाराबद्दल बोलता येत नाही, आणि ती घ्यायलाच हवीत. आज मात्र मी तुम्हांला एका पेशीत नेणार आहे. ही पेशी आपल्या रक्षणासाठी असते. कुष्ठाचा जंतू नेमका तिच्यातच घर करतो, आणि आपण देतो त्या औषधांना तिथवर पोहोचावं लागतं. औषधानं जंतू मरतो हे आता गावोगावी ठाऊक झालं आहे. ज्या पेशीत तो राहत होता तिचं पुढे काय होतं, हे फारसं कुणी विचारत नाही. रुग्णाचे हात, पाय आणि डोळे शाबूत राहणार की नाहीत, हे पुष्कळदा या दुसऱ्या प्रश्नावर ठरतं, असं माझं म्हणणं आहे.

इतिहासात पेशी आधी दिसली आणि जंतू नंतर. १८५९ साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्शो नॉर्वेतल्या बर्गेन शहरात गेले. त्या काळी तिथली रुग्णालयं कुष्ठरुग्णांनी भरलेली होती. रुग्णांच्या गाठींत फिर्शोंना फुगलेल्या, आत फेस भरल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी आढळल्या आणि त्यांनी त्यांचं सविस्तर वर्णन केलं. 'लेप्रा पेशी' म्हणून त्या पुढे ओळखल्या जाऊ लागल्या. १८७३ साली त्याच बर्गेनमध्ये आर्मावर हॅन्सन यांनी रुग्णांच्या गाठींत काडीसारखे जंतू पाहिले आणि आजाराचं कारण हाती लागलं. तिथून पुढे साऱ्यांचं लक्ष जंतूवर गेलं. ते स्वाभाविक होतं, कारण शत्रू ओळखल्याशिवाय औषध शोधता येत नाही. फेसाळ पेशी मात्र पुढची शंभर वर्षं केवळ निदानाची खूण होऊन राहिली.

या पेशींना मॅक्रोफेज म्हणतात, आपण त्यांना भक्षक पेशी म्हणू. त्यांचं काम सरळ आहे. बाहेरून आलेला जंतू गिळायचा, पेशीतल्या एका पिशवीत त्याला कोंडायचं, त्या पिशवीत आम्ल आणि पाचक रस सोडायचे आणि त्याचे तुकडे करायचे. बहुतेक माणसांत कुष्ठाच्या जंतूचा निकाल इथेच लागतो. शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जणांना हा आजार होतच नाही, मग जंतू शरीरात शिरला तरी. बर्गेनचे डॉक्टर डॅनिएलसन यांनी रुग्णाच्या गाठीतला अंश स्वतःला टोचून घेतला होता, त्यांना काही झालं नाही. बाबा आमटे यांनी कोलकात्यात कुष्ठाचे जंतू स्वतःच्या शरीरात टोचून घेतले होते, ही हकिकत विदर्भात घरोघरी सांगितली जाते. त्यांनाही आजार झाला नाही. त्या धाडसाचं मोल तसूभरही कमी न करता मी एवढंच सांगेन, की त्यांच्या भक्षक पेशींनी आपलं काम चोख केलं.

उरलेल्या थोड्या लोकांत गाडं अडतं. त्यांच्यातही एक पट्टा आहे. एका टोकाला ज्यांची प्रतिकारशक्ती जोमदार आहे असे रुग्ण, ज्यांना एखाद-दुसरा बधिर चट्टा येतो आणि जंतू सापडणंही कठीण जातं. दुसऱ्या टोकाला लेप्रोमॅटस रुग्ण. त्यांच्या भक्षक पेशी जंतूला गिळतात, पण मारत नाहीत. जंतू आतच वाढतो. त्याची वाढ अतिशय मंद असते, एकाचे दोन व्हायला बारा ते चौदा दिवस. क्षयाचा जंतू, जो सुस्त समजला जातो, तो हेच काम एका दिवसात करतो.

हा जंतू स्वतः फार दुबळा आहे. २००१ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, आणि तो वाचण्यासाठी घेतलेले जंतू मूळचे तमिळनाडूतल्या एका रुग्णाकडून आलेले होते. त्यात सुमारे १६०० जनुकं चालू अवस्थेत आणि अकराशेच्या आसपास मोडकळीला आलेली निघाली. म्हणून तर हा जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत आजही वाढवता येत नाही. जगण्यासाठी लागणारं पुष्कळसं सामान त्याला पेशीकडून घ्यावं लागतं, आणि ते घेण्यासाठी तो पेशीचा कारभार बदलतो.

हा बदल जपानमधल्या संशोधकांनी बारकाईनं पाहिला. पेशीत चरबीचे थेंब साठवून ठेवायला मदत करणारं एक प्रथिन असतं, त्याला एडीआरपी म्हणतात. साठलेली चरबी फोडून वापरात आणणारं एक विकर असतं, त्याचं नाव एचएसएल. कुष्ठाचा जंतू भक्षक पेशीत शिरला की पहिलं वाढतं आणि दुसरं घटतं. चरबी येत राहते, खर्च होत नाही, आणि पेशी फेसाळते. फिर्शोंना दिसलेला फेस तो हाच. यातली महत्त्वाची बाब अशी, की एचएसएल दाबण्याचं काम फक्त जिवंत जंतू करतो. मेलेले जंतू पेशीला खाऊ घातले, किंवा त्याच आकाराचे रबरी मणी घातले, तर ते विकर दबत नाही.

आपल्या मुंबईतही या पेशीवर मोलाचं काम झालं आहे, आणि त्याची आठवण या व्यासपीठावर व्हायला हवी. कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर आणि बसक्या नाकांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. नोशीर अँटिया यांनी १९७५ साली फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च ही संस्था काढली. तिथे पी. आर. महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या रक्तातल्या भक्षक पेशी वाढवून पाहिल्या. जिवंत जंतू आत असला की पेशीच्या पृष्ठभागावरचे, प्रतिपिंडांना पकडणारे ग्राहक कमी होतात, असं त्यांना दिसलं. मग त्यांनी याच खुणेचा उपयोग करून घेतला. औषध टाकल्यावर पेशीचं वागणं सुधारलं तर आतला जंतू जायबंदी झाला, नाही सुधारलं तर औषध चाललं नाही. उंदराच्या पावलात जंतू टोचून महिनोन्‌महिने थांबण्याऐवजी पेशीलाच विचारायचं. ही चाचणी रोजच्या वापरात आली नाही, पण प्रश्न विचारण्याची ती पद्धत मला आजही फार मोलाची वाटते.

आता औषधांकडे येऊ. १९४० च्या दशकात सल्फोन औषधं आली आणि डॅप्सोन भारतात पोहोचलं. वर्ध्याच्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशननं, डॉ. आर. व्ही. वारदेकर यांच्या पुढाकारानं, घरोघर पाहणी, शिक्षण आणि घरीच उपचार अशी पद्धत बसवली, ती या एका गोळीच्या जोरावर. पण एकच औषध वर्षानुवर्षं दिल्यानं जंतू त्याला सरावला. १९६४ साली मलेशियातल्या सुंगेई बुलोहच्या रुग्णांत डॅप्सोनला न जुमानणारे जंतू सिद्ध झाले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटानं तीन औषधं एकत्र द्यायचं ठरवलं, त्यालाच आपण एमडीटी म्हणतो. भारतात ही पद्धत अगदी सुरुवातीला जिथे पोहोचली, त्या जिल्ह्यांत आपला वर्धा होता.

तीन औषधांची कामं वेगवेगळी आहेत. डॅप्सोन जंतूला लागणारं फोलेट बनू देत नाही, त्याची वाढ रोखतं. रिफॅम्पिसिन जंतूची आरएनए बनवणारी यंत्रणा बंद पाडतं. पेशीचं आवरण, आतल्या पिशवीचं आवरण आणि जंतूची मेणचट भिंत ओलांडून ते आत पोहोचतं, आणि सहाशे मिलिग्रॅमची एकच मात्रा थोड्या दिवसांत हजारांतले ९९९ हून अधिक जंतू निकामी करते. महिन्यातून एकदा, कार्यकर्त्याच्या समोर, पाण्याच्या घोटाबरोबर घेतली जाणारी ती लालसर गोळी म्हणजे गेल्या शतकातल्या वैद्यकाची मोठी कमाई आहे.

तिसरं औषध क्लोफाझिमिन. ते १९५४ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात व्हिन्सेंट बॅरी यांच्या चमूनं क्षयासाठी बनवलं. क्षयात त्या वेळी त्याचा उपयोग दिसला नाही. १९६२ च्या सुमारास नायजेरियात स्टॅनली ब्राउन यांनी ते कुष्ठरुग्णांना दिलं आणि त्याचा गुण लक्षात आला. हे औषध चरबीत विरघळतं, शरीरात साठतं आणि हळूहळू बाहेर पडतं, निम्मं व्हायलाच त्याला सत्तर दिवसांच्या आसपास लागतात. आणि ते नेमकं भक्षक पेशींत साठतं, इतकं की पेशींत त्याचे लाल स्फटिक दिसतात.

२०१२ साली जपानी संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याची थोडी तपशिलानं ओळख करून देतो, कारण आजच्या विषयाचा गाभा तिथे आहे. त्यांनी थाई-५३ नावाचे कुष्ठाचे जंतू घेतले. हे जंतू बशीत वाढत नसल्यामुळे केस नसलेल्या, प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या उंदरांच्या पावलांत जिवंत ठेवावे लागतात. भक्षक पेशी म्हणून टीएचपी-१ हा मानवी पेशींचा वाण घेतला. पेशींनी जंतू गिळले, चरबीचे थेंब साठले. मग एकेक औषध स्वतंत्रपणे टाकलं. रिफॅम्पिसिन आणि डॅप्सोन यांनी एडीआरपी आणि एचएसएल यांच्यावर लक्षणीय परिणाम केला नाही. क्लोफाझिमिननं केला. साठवणारं प्रथिन उतरलं, फोडणारं विकर चढलं, आणि ४८ तासांत चरबीचे थेंब स्पष्टपणे कमी झाले. त्याच पेशींत इंटरफेरॉन हे प्रतिकाराचे निरोपे देणारे रेणू बनवण्याची हालचाल काही काळ वाढली. जंतू नसलेल्या पेशींत यातलं काही घडलं नाही.

म्हणजे तीन औषधांपैकी एक जंतूवर चाल करता करता पेशीलाही जागं करत होतं. बशीतला प्रयोग तो बशीतलाच, माणसाच्या त्वचेत तसंच घडतं असं त्यावरून ठोकून देता येत नाही. पण याच संशोधकांनी रुग्णांच्या त्वचेचे नमुनेही तपासले. उपचारापूर्वी एचएसएल सापडत नव्हतं, एमडीटीनंतर ते पुन्हा दिसू लागलं आणि एडीआरपी कमी झालं. तीन औषधं एकत्र असल्यानं त्यातला वाटा कुणाचा किती हे वेगळं काढता येत नाही. पेशी सावरते, एवढं मात्र नक्की.

त्याआधीच्या अभ्यासात त्यांना आणखी एक गोष्ट आढळली होती, आणि ती वाचून मी थबकलो. एचएसएल परत आलेलं दिसलं ते दोन प्रकारच्या रुग्णांत. एक, ज्यांचा उपचार यशस्वी झाला होता. दुसरे, ज्यांना अचानक दाह उसळवणारी रिअ‍ॅक्शन आली होती. बरं होताना आणि रिअ‍ॅक्शनमध्ये पेशीत हीच खूण दिसते. कुष्ठावर काम करणाऱ्या प्रत्येकानं जे डोळ्यांनी पाहिलं आहे, की उपचार लागू पडत असतानाच असा दाह उसळतो, त्याला इथे पेशीच्या पातळीवर दुजोरा मिळतो.

हे नीट कळण्यासाठी जरा सूक्ष्मदर्शकाशी या. स्मिअर, म्हणजे त्वचेतल्या अंशाचा काचेवरचा नमुना, घ्यायचा तर कानाची पाळी अंगठा आणि तर्जनी यांच्यात घट्ट दाबून धरतात, म्हणजे रक्त बाजूला होऊन ती पांढरी पडते. पात्यानं जेमतेम पाच मिलिमीटर लांबीची, दोन मिलिमीटर खोल चीर देतात, पातं आडवं करून आतला अंश खरवडतात आणि काचेवर पसरतात. रंग दिल्यावर निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात, एकमेकींना चिकटलेल्या, विडीच्या कट्ट्यासारख्या जुडग्यांत. उपचार सुरू होऊन काही आठवडे झाले की त्या काड्या तुटलेल्या, ठिपक्या-ठिपक्यांच्या दिसू लागतात. तुटकी काडी म्हणजे मेलेला जंतू. पण तो तिथेच असतो. किती जंतू दिसतात हे शून्य ते सहा अशा मापावर मोजतात, आणि हा आकडा वर्षाला साधारण एकानं उतरतो. पाचवर सुरुवात करणाऱ्या रुग्णाचा उपचार बारा महिन्यांत संपतो, आणि मेलेले जंतू त्याच्या कातडीत आणखी तीन-चार वर्षं सापडत राहतात. मारण्याचं काम औषधानं केलेलं असतं. उचलून नेण्याचं काम भक्षक पेशीलाच करावं लागतं, आणि ते ती तिच्या गतीनं करते.

हा अवशेषांचा साठा निरुपद्रवी नसतो. जंतू मोडताना त्याचे तुकडे बाहेर पडतात. जागी झालेली प्रतिकारयंत्रणा ते ओळखते आणि त्यांच्यावर तुटून पडते. जुने चट्टे लाल होऊन सुजतात, कोपराजवळची नस दुखू लागते, आणि थोड्या दिवसांत करंगळीची ताकद जाते. हा रिअ‍ॅक्शनचा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात अंगभर दुखऱ्या गाठी उठतात, ताप भरतो, डोळा लाल होतो, सांधे धरतात, आणि हे महिनोन्‌महिने येत-जात राहतं. रिअ‍ॅक्शन उपचाराआधी येऊ शकते, उपचार चालू असताना येते, आणि औषधांची पाकिटं संपल्यावरही येते. त्या वेळी रुग्णाला आणि घरच्यांना वाटतं की औषध उलटलं, किंवा आजार पुन्हा आला. खरं तर प्रेडनिसोलोन हे दाह शमवणारं स्टेरॉइड वेळेत मिळालं, तर नस पुष्कळदा वाचते.

नसेवर घाव घालणारं कोण, याचं उत्तरही अलीकडे बदललं आहे. फार काळ असं मानलं जाई की जंतू नसेच्या आवरणातल्या श्वान पेशींत शिरतो आणि नुकसान करतो. तो तिथे शिरतो हे खरंच आहे. पण २०१७ साली केंब्रिजच्या ललिता रामकृष्णन यांच्या गटानं झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लांत पाहिलं, तेव्हा नसेचं आवरण बिघडत होतं ते जंतू गिळलेल्या भक्षक पेशींमुळे. जंतूच्या अंगावरच्या पीजीएल-१ या मेदाला प्रतिसाद म्हणून त्या नायट्रिक ऑक्साइड सोडत होत्या, आणि शेजारच्या मज्जातंतूला त्याची झळ बसत होती. मासा तो मासाच, पण यावरून एक गोष्ट लक्षात येते. भक्षक पेशी निजलेली असली तर जंतू वाढतो, आणि भान सोडून पेटली तर नस जाते. उपचार या दोहोंच्या मधून न्यायचा असतो.

म्हणूनच क्लोफाझिमिनची मी बाजू घेतो. ते जंतूला मारतं, पेशीतली चरबी उतरवतं, आणि दुसऱ्या प्रकारच्या रिअ‍ॅक्शनचा दाहही आटोक्यात ठेवतं. हा गुण १९६० च्या दशकापासून माहीत आहे. १९९८ मध्ये जास्त जंतू असलेल्या रुग्णांचा उपचार २४ महिन्यांवरून १२ महिन्यांवर आला, तेव्हा जंतू मारण्याच्या हिशेबानं तो निर्णय पुरेसा होता. पुढे फिलिपिन्समधल्या सेबू इथल्या डॉक्टरांनी आपल्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा बारा महिने उपचार घेतलेल्यांत गाठींची रिअ‍ॅक्शन अधिक तीव्र आणि अधिक लांबलेली आढळली. एका केंद्राच्या नोंदींवरून धोरण बदलता येत नाही. पण क्लोफाझिमिनची मुदत ठरवताना फक्त जंतूंकडे पाहून चालणार नाही, असं मला यावरून ठामपणे वाटतं.

या औषधाची अडचण रुग्णाच्या चेहऱ्यावर दिसते. कातडी तांबूस-काळसर पडते, चट्टे तर अधिकच गडद होतात. पन्नास मिलिग्रॅमची रोजची गोळी आणि महिन्यातून एकदा तीनशे, एवढ्यानंही रंग बदलतो, आणि उपचार थांबल्यावर तो जायला कित्येक महिने लागतात. जो आजार माणूस शेजाऱ्यांपासून लपवतो आहे, तो औषधानंच चारचौघांत उघडा पडतो. लग्न ठरायचं असलेली मुलगी दवाखान्यात येऊन विचारते, "डॉक्टर, ही गोळी नाही घेतली तर चालेल का?" तिच्या प्रश्नात किती भीती असते, हे ज्यांनी ऐकलं आहे त्यांनाच कळेल. काही जण न विचारताच ती गोळी वेगळी काढून टाकतात, बाकीच्या घेतात. काही डॉक्टरही दया म्हणून ती बंद करतात. ही दया महागात पडते. पहिल्या दिवशी, पहिलं पाकीट हातात देताना, रंग का बदलणार, किती बदलणार आणि कधी परत येणार हे सांगायला दहा मिनिटं लागतात. घरातल्या एका माणसाला शेजारी बसवून सांगितलं तर आणखी बरं. २०१८ पासून जागतिक आरोग्य संघटना कमी जंतू असलेल्या रुग्णांनाही तिन्ही औषधं सहा महिने द्यायला सांगते, आणि आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमानंही २०२५ पासून ते स्वीकारलं आहे. म्हणजे ही गोळी आता जवळजवळ प्रत्येक कुष्ठरुग्णाच्या पाकिटात असणार, आणि ते दहा मिनिटांचं बोलणंही प्रत्येकाशी करावं लागणार.

भारतात दरवर्षी लाखभर नवे रुग्ण नोंदले जातात, जगातल्या एकूण नव्या रुग्णांच्या निम्म्याहून अधिक. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण ही मर्यादा आपण गाठली. ते खरंच होतं आणि अभिमानाचं होतं. पण ती गणना उपचार चालू असलेल्या रुग्णांची आहे. बारावं पाकीट संपलं की रुग्णाच्या नावापुढे आरएफटी, म्हणजे 'उपचारातून मुक्त', असं लिहिलं जातं आणि तो रजिस्टरमधून उतरतो. त्याच्या भक्षक पेशींपुढे मात्र अजून तीन-चार वर्षांचं काम उरलेलं असतं, आणि रिअ‍ॅक्शनचा धोका तोवर टळलेला नसतो. माझी कार्यक्रम चालवणाऱ्यांकडे मागणी अशी आहे, की जास्त जंतू असलेल्या रुग्णाला शेवटचं पाकीट देताना पुढच्या तीन वर्षांच्या तपासणीच्या तारखाही द्या. दर तीन महिन्यांनी कोपर, गुडघा आणि घोट्याजवळच्या नसा चाचपणं, बोटांची ताकद पाहणं, पापणी पूर्ण मिटते का हे पाहणं, एवढंच करायचं आहे. याला यंत्र लागत नाही, आशा कार्यकर्तीही हे शिकू शकते. नस दुखली तर त्याच आठवड्यात कुठे यायचं, हे त्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा.

आणि संशोधकांकडे दुसरी मागणी. क्षयासाठी आलेलं बेडाक्विलिन ब्राझीलमध्ये कुष्ठरुग्णांत तपासून झालं आहे, त्यानं जंतू झपाट्यानं मरतात. पुढेही औषधं येतील. जंतू मेला का, हे आपण आजही रुग्णाचे जंतू उंदराच्या पावलात टोचून ठरवतो. त्या चाचणीच्या जोडीला रुग्णाच्या त्वचेतल्या भक्षक पेशींची चरबी किती उतरली, एचएसएल कधी परतलं, आणि उपचार संपून दोन वर्षांनी किती जणांच्या नसा शाबूत राहिल्या, हेही प्रत्येक नव्या औषधासाठी मोजलं जावं. रुग्ण आपल्याकडे सर्वाधिक आहेत, आणि भक्षक पेशीलाच प्रश्न विचारण्याची परंपरा मुंबईत चाळीस वर्षांपूर्वी सुरू झाली होती. ती मोजणी इथून सुरू करायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.